फोटो मधोमध हवा

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाचे यंदा ७५ वे वर्ष असल्यामुळे मंडळाचे एक वेबपान निघावे असा ठराव झाला, आणि गेली २५ वर्षे जिन्याखालच्या फलकावर सूचनांचे कागद सरळ रेषेत मीच लावत आलो असल्यामुळे हे कामही एकमताने माझ्याकडे आले. सेक्रेटरींची मागणी एकच होती. "काका, बाप्पा मधोमध हवा आणि दोन्ही बाजूंनी मजकूर." फलकावर एवढ्याला चार टाचण्या पुरतात.

फोटोच्या बाजूने मजकूर वाहता ठेवण्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेत, 'फ्लोट' आहे. त्याला डावे कळते, उजवे कळते; मध्य मात्र डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली शिफारस निघाली तेव्हाही त्याला ठाऊक नव्हता आणि आजही नाही. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात 'अलाइन' आणि 'मिडल' हे शब्द सापडले तेव्हा मी जिंकल्यासारखा चहा प्यायलो. तिथल्या 'मिडल'चा अर्थ फोटो पानाच्या मध्यावर असा नसून, मजकुराची ओळ फोटोच्या उंचीच्या मध्यावर, असा निघाला. निवेदनाची पहिली ओळ बाप्पाच्या सोंडेपाशी उभी राहिली आणि उरलेले सगळे निवेदन पाटाखाली गेले.

पुढे समजले की ओळी मध्यावर आणणारे 'टेक्स्ट-अलाइन' फोटोला सांगून उपयोग नसतो, तो ज्या चौकटीत बसला आहे त्या चौकटीला सांगावे लागते. हे आमच्या चाळीत वाढलेल्या माणसाला सुचायला हवे होते. इथे कुठल्याही मुलाची तक्रार आजवर मुलाकडे गेलेली नाही.

फोटो मध्यावर आला, तर त्याच्या चौकटीत खाली एक बारीक पांढरी पट्टी दिसू लागली. सेक्रेटरींनी ती स्क्रीनवर नखाने खरवडून पाहिली. या पट्टीचे कारण मला मनापासून आवडले. फेब्रुवारी १९९३ मध्ये मोझाइक या ब्राउझरचे एक कर्ते मार्क अँड्रीसन यांनी पानात फोटो घालणारा 'आयएमजी' हा टॅग सुचवला, तेव्हापासून फोटो हा ओळीतल्या एखाद्या अक्षरासारखाच वागतो. तो ओळीच्या तळरेषेवर बसतो आणि त्याच्याखाली अक्षरांच्या लोंबणाऱ्या भागांसाठी जागा राखलेली असते. म्हणजे गणपतीच्या पाटाखाली ब्राउझरने कोणा न आलेल्या उकारासाठी जागा धरून ठेवली होती. 'डिस्प्ले: ब्लॉक' लिहिताच ती नाहीशी झाली. पण फोटो ओळीतून उठल्यावर 'टेक्स्ट-अलाइन'चे ऐकेना, डाव्या भिंतीला जाऊन टेकला आणि दोन्ही बाजूंचे मार्जिन 'ऑटो' केल्यावरच परत आला.

मजकूर अजून दोन्हीकडे नव्हताच. तेव्हा मी 'पोझिशन: ॲब्सोल्यूट' लिहून वरून शून्य, डावीकडून शून्य असे माप दिले, म्हणजे फोटो आधी त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात येईल आणि मग तिथून हळूहळू मध्याकडे सरकवता येईल. तो थेट पानाच्या माथ्यावर जाऊन अध्यक्षांच्या नावावर बसला. नावाचे पहिले अक्षरही दिसेना. पुण्याच्या भाचीला फोन केला.

"मामा, पॅरेंटला रिलेटिव्ह दिलंत का?"

पालकालाच नातेवाईक कसे करायचे, हे मला कळेना. तिने सांगितले की पॅरेंट म्हणजे फोटोबाहेरची चौकट, रिलेटिव्ह ही तिला द्यायची 'पोझिशन', आणि असा फोटो स्वतःचे माप वरच्या पिढीतल्या, स्वतःची 'पोझिशन' असलेल्या सर्वांत जवळच्या चौकटीपासून मोजतो आणि तशी एकही सापडली नाही तर थेट पानाच्या माथ्यापासून. शेवटी तिनेच ग्रिडचे तीन खण करून दिले आणि निवेदनाचे दोन तुकडे मी हाताने पाडले. डावा तुकडा 'देणगीदारांनी' या शब्दावर संपतो, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला त्यांनी काहीतरी केले एवढेच समजते. फोनवर बाप्पा चपटा झाला, तो उंची 'ऑटो' केल्यावर सावरला.

आता कार्यकारिणीचे अकरा फोटो एका ओळीत हवे आहेत. मी ते नुसते शेजारी शेजारी ठेवले, म्हणून सगळ्यांचे पाय तळरेषेवर नीट जुळले आणि डोकी मात्र ज्याच्या त्याच्या फोटोच्या उंचीप्रमाणे राहिली. अध्यक्षांनी स्टुडिओत काढलेला उभा फोटो दिला आहे, खजिनदारांनी रेशनकार्डासाठी काढलेला. ते अध्यक्षांच्या कोपरापर्यंत पोहोचतात. पान काल रात्री सर्वांना पाठवले आहे, आणि आत्ता खिडकीतून पाहिले तर खजिनदार जिना चढत आहेत.