बंदूक जमा आहे, काळजी नसावी

निवडणूक जाहीर झाली की दोन गोष्टी घडतात. पुढाऱ्यांचे फलक खाली उतरतात आणि तुमची बंदूक पोलीस ठाण्यात जाते. फलक निकालाच्या रात्रीच पुन्हा वर चढतात, त्यांना कुणाचं मार्गदर्शन लागत नाही. बंदुकीला लागतं, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी अभिनंदन. ठाण्यातून फोन आला याचा अर्थ तुम्ही सज्जन आहात. परवाना काढताना तुमची चारित्र्य पडताळणी झाली, गोपनीय शाखेच्या हवालदारांनी शेजारीपाजारी चौकशी केली, फाइल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत मुक्काम करून आली, सही झाली, शस्त्राचा नंबर परवान्यावर चढला आणि देशाच्या नोंदणीत तुम्हाला स्वतंत्र ओळख क्रमांकही मिळाला. इतका पक्का पत्ता असलेली बंदूक दुसरी कुठे सापडणार? गावठी कट्टा कमरेला लावून हिंडणारा माणूस यातलं काहीच करत नाही. त्याला नोटीस पाठवायची तरी कुठे, ही प्रशासनाची अडचण आपणच समजून घ्यायला हवी.

आता एखादा वकील मित्र तुमच्या कानाला लागेल. म्हणेल, सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेता येत नाहीत. त्याचं खरं आहे. गोव्यातल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच याची शिस्त घालून दिली आणि निवडणूक आयोगाने ती आपल्या सूचनांत घेतली. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने परवाने तपासायचे. कोण जामिनावर सुटलाय, कोणावर गुन्हे आहेत, कोण पूर्वी दंगलीत होता, ते बघायचं. ज्याचं शस्त्र जमा करून घ्यायचं त्याला नोटीस द्यायची, शस्त्र घेताना पावती द्यायची आणि निकालानंतर आठवड्याने ते परत करायचं.

हे सगळं पाठ करा आणि ठाण्याच्या पायरीवर सोडून आत जा. आत बोलायचं ते एवढंच, "साहेब, कुठे ठेवू?" छाननी समितीचं नाव काढलंत तर आतापर्यंत तुमच्यात जे काही संशयास्पद नव्हतं ते त्या क्षणी तयार होईल. तसंही तुम्हाला आलेली नोटीस म्हणजे हवालदारांचा फोन असतो: "काका, उद्या येऊन जमा करून टाका, वरून आदेश आहे." वर म्हणजे कुठे, हे विचारू नये. वर बघून नमस्कार करावा.

तुमचा परवाना पीक संरक्षणाचा असेल तर तुम्ही विशेष भाग्यवान. 2024 चंच बघा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला आला. कोकणात काजू आणि आंबा याच दिवसांत उतरतो आणि वानरांनाही ते ठाऊक असतं. मग विधानसभेची निवडणूक 15 ऑक्टोबरला जाहीर झाली आणि 23 नोव्हेंबरला निकाल. हा भातकापणीचा हंगाम, म्हणजे रानडुकरांचा. वर्षातल्या ज्या दोन वेळी बंदूक लागते, नेमक्या त्याच दोन वेळी लोकशाहीलाही तुमच्या बंदुकीची भीती वाटली. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, त्यांची नावं मतदार यादीत नाहीत. तुम्ही मात्र बांधावर उभं राहून पत्र्याचा डबा वाजवा. तसंही डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते, तुमची बंदूक आवाजापुरतीच होती. डब्याचाही आवाज होतो आणि डबा अजून तरी जमा करावा लागत नाही.

पावतीचं मात्र थोडं मनावर घ्या. अंमलदार कोऱ्या कागदाच्या चतकोर तुकड्यावर लिहितील, "1 नग बंदूक जमा." तुम्ही नम्रपणे सुचवायचं, की बोअर (नळीचं माप), मेक (बनावट) आणि नंबर घातला तर बरं. ते तुमच्याकडे बघतील. त्या नजरेत "आम्ही काय तुमची बंदूक खाणार आहोत का?" हा प्रश्न असतो. तुम्ही हसायचं आणि नंबर लिहून होईपर्यंत हसतच राहायचं. काडतुसं मोजून द्या, तो आकडाही लिहून घ्या, खाली गोल शिक्का मागा आणि घरी गेल्यावर पावतीचे फोटो काढून मुलगा, सून, जावई सगळ्यांना पाठवा. मूळ पावती कपाटात ठेवू नका, कारण ती हरवते. देव्हाऱ्यात ठेवा. पुढे तिच्यासमोरच हात जोडायचे आहेत.

मग निकाल लागतो, गुलाल उडतो, आठवडा उलटतो. तुम्ही ठाण्यात जाता.

इथे एक तत्त्व समजून घ्यावं. शस्त्र घेणं ही ड्यूटी आहे, परत देणं ही सवड आहे. आज साहेब बंदोबस्तावर असतील. दुसऱ्या खेपेला साहेब सापडतील, पण मुद्देमाल कारकून रजेवर असेल आणि खोलीची किल्ली त्याच्या खिशात असेल. तिसऱ्या खेपेला किल्ली असेल, साहेब असतील, आणि "परत द्यायचा आदेश अजून आलेला नाही" असं कळेल. घेताना फोनवरचा आदेश चालला होता, देताना मात्र लेखी लागतो, जावक क्रमांकासह. तुम्ही जिल्ह्याला जाऊन विचारलंत तर गृह शाखेतल्या बाई सांगतील, की आदेश कधीच गेला, टपालात असेल. टपाल कुठे आहे? ठाण्यात. ठाण्यात विचारलं तर? बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक वहीत, नोंद नाही. या दोन खिडक्यांच्या मध्ये एसटीचा जो रस्ता आहे, त्यावरची गावं तुम्हाला आता पाठ होतील. त्यातल्या एखाद्या गावात मुलीसाठी स्थळही बघून ठेवा, खेप फुकट जायला नको.

याच दरम्यान तुमच्या परवान्याची मुदत संपते. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, पण ती संपायची तेव्हाच संपते. नूतनीकरणाला गेलात की विचारतील, शस्त्र तपासणीसाठी आणलंय का? शस्त्र ठाण्यात आहे. ठाण्यात गेलात की विचारतील, चालू परवाना आहे का? परवाना नूतनीकरणात आहे. घाबरू नका. परवाना संपला की शस्त्र बाळगणं बेकायदा होतं, आणि असं शस्त्र शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 नुसार कुठे जमा करायचं असतं? जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. म्हणजे तुम्ही कायदा मोडण्याच्या आधीच तो पाळून बसलेले आहात. इतका आज्ञाधारक नागरिक असतो कुठे?

हे झालं निवडणुकीचं. तुमची बंदूक एखाद्या गुन्ह्यात जप्त झाली असेल तर निवडणूकवाले तुम्हाला सुखी वाटू लागतील. भाऊबंदकीत कुणी तक्रार दिली, पंचनामा झाला, बंदूक मुद्देमाल झाली. आता ती ठाण्याच्या ताब्यात आणि न्यायालयाच्या हुकमात. ती सोडवून घेण्यासाठी जुन्या फौजदारी संहितेत कलम 451 आणि 457 होतं. जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 497 आणि 503 झालं. आकडे वाढले, बंदूक आहे तिथेच आहे. तुम्ही अर्ज करायचा, न्यायालय सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, सरकारी वकील तपास अधिकाऱ्याचा से मागवतात, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. तारीख पडते.

तुमचा वकील इथे सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल काढेल, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर राहावी, नीट पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन ती सोडावी, असं त्यात म्हटलं आहे. वाचायला फार गोड निकाल आहे. तो कशावरून निघाला तेही वाचा: ठाण्यात ठेवलेला मुद्देमाल बदलल्याचा आणि परस्पर लिलाव केल्याचा आरोप तिथल्याच पोलिसांवर होता. हा भाग अंमलदारांपुढे मोठ्याने वाचू नये. मनातल्या मनात वाचावा आणि खिडकीतून मुद्देमाल खोलीकडे प्रेमाने बघावं.

तरीही एक दिवस उजाडतो. आतून हाक येते, "ते बंदूकवाले काका आलेत का?" गोणपाटात गुंडाळलेली वस्तू टेबलावर येते. दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, ओल लागून नावाची शाई पसरलेली, आडनाव तेवढं शिल्लक. ते तुमचंच आहे का बघा, भावकीत सगळ्यांचं एकच असतं. नंबर पावतीशी ताडून पाहा. मग एकनळी उघडा आणि मागच्या बाजूने नळीला डोळा लावा. पलीकडे ट्यूबलाइट दिसायला हवी. दिसेल ते कोळ्याचं जाळं. त्यात कोळीही असेल आणि तुमच्या परवान्यापेक्षा त्याचा ताबा जुना वाटेल. चाप ओढून बघायचा मोह आवरा, तिथे नाही, त्या खोलीत तर अजिबात नाही. गंजाबद्दल बोललात तर उत्तर तयार आहे: "पावसाळा होता, काका." कागद पुढे सरकतो, त्यावर "सुस्थितीत परत मिळाली" हे आधीच टाइप केलेलं असतं. सही करा. नाही केलीत तर सुस्थितीत परत जाईल.

काडतुसं दोन कमी भरली तर मोजू नका. मोजलीत तर ती कुठे वापरली, याचा खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल.

राहता राहिली वयाची गोष्ट. 2016 च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. सत्तरी गाठलेला किंवा पंचवीस वर्षं परवाना सांभाळलेला माणूस हयातीतच आपलं शस्त्र वारसाच्या नावे करण्याचा मार्ग धरू शकतो. वारसाने स्वतःचा अर्ज करायचा, पुन्हा सगळी पडताळणी. बंदूक अजून आत असेल तर हा अर्ज आजच टाका, थांबण्यात अर्थ नाही. यथावकाश गोपनीय शाखेचे हवालदार चौकशीला घरी येतील, चहा घेतील, पोराचं शिक्षण विचारतील, वही उघडतील आणि म्हणतील, "बरं, ते शस्त्र सध्या कुठे ठेवलंय?"

पोराला आधीच सांगून ठेवा. हसायचं नाही. "साहेब, तुमच्याकडे."