कारागिराकडे बघायला नको, घ्यायला जा

थंडी पडली की माझ्या फेसबुकवर कच्छ सुरू होतं. पांढरं रण, मग विणकरांचं भुजोडी, मग अजरख म्हणजे ठशांनी छापलेलं कापड करणारं अजरखपूर, आणि शेवटी छाप्याच्या टेबलापाशी एखाद्या खत्री कारागिराच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो. खाली ओळ ठरलेली: 'ही कला जपली पाहिजे.' फोटोतल्या अंगावर मात्र मॉलमधला कुर्ता.

कच्छला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. जरूर जा. मला राग येतो तो त्या 'जपली पाहिजे'चा. कारागिराने आपल्याला जपायला बोलावलेलंच नसतं. त्याला गिऱ्हाईक हवं असतं. अजरखपूरच घ्या. २००१च्या भूकंपाआधी हे गाव नव्हतं. धमडका या कारागिरांच्या जुन्या गावाचं पाणी भूकंपानंतर बिघडलं, त्यात लोह वाढलं आणि रंग नीट चढेनात. तेव्हा तिथल्या खत्री कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन नवं गाव वसवलं. नुसत्या कौतुकावर कोणी गाव उचलून दुसरीकडे नेत नाही. कापड विकलं जाणार याची खात्री लागते.

आणि हे आम्हा कोकणवाल्यांना कोणी वेगळं शिकवायला नको. 'कोकणात विणकाम कुठे होतं?' असं विचारणाऱ्याने अलिबागजवळच्या चौलला जाऊन यावं. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जुनी देवळं दिसतात, पण हे बंदर 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेलं आहे आणि पोर्तुगीजांच्या काळात इथलं रेशीम नावाजलेलं होतं. पुढे इंग्रजांना मुंबईत वस्ती वाढवायची होती, त्यांनी सतराव्या शतकात इथल्या विणकरांना तिकडे बोलावलं. माग गेले, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. चौलचं रेशीम जपलं पाहिजे असं तेव्हाही कोणी ना कोणी म्हणालं असणारच.

गंमत म्हणजे गिऱ्हाईक कसं असावं हे कोकणातल्या घराघरात माहीत आहे. आपण गणपती 'विकत आणत' नाही. नागपंचमीच्या आसपास घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, नेऊन देतो. त्याच पाटावर आपली मूर्ती बसते. मूर्तिकाराला माहीत असतं की या घरचा गणपती इतका उंच, सोंड अशी, पीतांबराचा रंग हा. चतुर्थीला विडा-नारळ ठेवून पैसे देतो आणि मूर्ती डोक्यावर घेऊन येतो. घासाघीस करणाऱ्याला शाळेतलेच लोक हसतात. पेणच्या गणपतीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण आमच्याकडच्या लहान लहान शाळा कुठल्याच शिक्क्यावर चालत नाहीत. त्या चालतात भिंतीला रांगेत लावलेल्या त्या पाटांवर.

सुपाचंही तेच. भाद्रपदात गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या की नव्या सुनांचा पहिला ओवसा. सुपात फळं, विड्याची पानं, खोबरं भरायचं, गौरीपुढे ओवसायचं आणि मग ती सुपं नात्यातल्या मोठ्या माणसांना द्यायची. एकेका घरात किती सुपं लागतात विचारा. या एका सणावर बुरूडकाम (बांबूचं विणकाम) आजवर तगलंय असं मला वाटतं. प्लॅस्टिकचं सूप आता बाजारात आलंय, पण ओवशाला ते न्यायची टाप अजून कुठल्या सुनेची नाही, निदान आमच्या गावात तरी. रोवळी, टोपली, हारा मात्र घराबाहेर गेले ते गेलेच.

सावंतवाडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरचे लोक सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. राजवाड्यात जातात, गंजिफा रंगवणाऱ्या चित्रकारांच्या मागे उभे राहतात, चकित होतात, कीचेन घेतात आणि मालवणी थाळी जेवायला पळतात. थाळीला मोजलेले पैसे कीचेनपेक्षा जास्त असतात. (थाळीबद्दल तक्रार नाही.)

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी कॅटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या पूर्ण संचात, १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, मग गोल कापून हाताने रंगवायचं आणि लाख चढवायची. १२० पानं, आणि पाठीमागून एकही ओळखू येता कामा नये! खेळाचे नियमही भन्नाट आहेत. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ तर अर्ध्यांत एक्का. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या.

छापील पत्ते आले आणि हे सगळं बंद पडत आलं. १९७०च्या सुमारास गंजिफा करू शकणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वयोवृद्ध कारागीरच उरले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या दांपत्याने त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, नवी मुलं तयार केली. पण मला त्यांची खरी हुशारी दिसते ती पुढे. त्यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं, माल विकायला ठेवला आणि तीच चित्रं ट्रे, डबे, फर्निचर अशा वापरायच्या वस्तूंवरही आणली. नुसतं संग्रहालय केलं असतं तर आज आपण काचेपलीकडून बघत बसलो असतो.

राजवाड्यातून बाहेर पडलात की चितारआळीत जा. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाळण्यावरची चिमणाळी, रंगवलेले पाट. फळांना पांगाऱ्याचं हलकं लाकूड चांगलं, पण ते पूर्वीसारखं सहज मिळत नाही, म्हणून किमती वाढल्यात. तिथल्या एका दुकानातल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "फोटो काढूक सगळे येतत गो, घेवक कोण थांबणा नाय." मग माझ्या समोरच एका बाईंनी लाकडी सीताफळाचा भाव ऐकला, मोबाइल काढला आणि 'ऑनलाइन निम्म्यात मिळतंय' असं मोठ्याने सांगितलं. त्या निम्म्यातल्या फळाला हात कोणाचा लागलाय, लाकूड कुठलं, रंग कसला, पोर तोंडात घालणार आहे की नाही, काही चौकशी नाही.

'आम्हाला परवडत नाही' हा आक्षेप येणार, माहीत आहे. खराही आहे. गुजरातेतल्या पाटणचं पटोळं, ती रेशमी साडी, मलाही परवडत नाही. ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि मग नक्षी जुळवत विणायचं, एका साडीला महिने जातात, तर ती महागच असणार. तिथे मी बघून येईन आणि गप्प बसेन. पण सूप परवडतं. लाकडी भाज्यांची टोपली परवडते. वेंगुर्ल्याची काथ्याची पायपुसणी परवडतात. जे परवडतं ते वर्षाला एक घेतलं तरी कारागिराच्या हिशेबात येतं, आपल्या कौतुकाच्या पोस्टी येत नाहीत.

कुडाळजवळच्या पिंगुळीचं मात्र वेगळं आहे, तिथे बघणं हीच खरेदी. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. चित्रकथीत चित्रांच्या एका संचाला पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातली कथा गायची, साथीला वीणा, टाळ, हुडुक. परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. तिथे जाऊन भिंतीवरची चित्रं बघून परत फिरू नका. खेळ लावायला सांगा, त्याचे ठरलेले पैसे द्या आणि मोबाइल खाली ठेवून पुरा बघा. पाच मिनिटांत 'थोडं करून दाखवा ना' हे कुठल्याही कलावंताला म्हणू नये. आपल्या ऑफिसात येऊन कोणी 'जरा काम करून दाखवा' म्हणालं तर?

आता इनबॉक्समध्ये 'टूर प्लॅन पाठवा' येण्याआधीच सांगते. पिंगुळीला कुडाळला उतरा, तिथून जवळ आहे. खेळ बघायचा तर आधी कळवून जा, ऐन वेळी सगळी माणसं घरात नसतात. सावंतवाडीचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा ठरवून घ्या. नाव घातलेला पाट, पाळणा किंवा गंजिफाची पूर्ण कॅट हवी असेल तर आगाऊ पैसे देऊन ऑर्डर द्या आणि पुन्हा या किंवा पार्सल मागवा. पावसात रंग सुकायला वेळ लागतो, तेव्हा जुलैत ऑर्डर देऊन राखीपौर्णिमेला तगादा लावू नका.