म्युलरला मी देव्हाऱ्यात बसवलं का?

नमस्कार,

पहिल्या महायुद्धातल्या एम्डेन या जर्मन युद्धनौकेच्या कप्तानावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण घाईघाईत लिहिलं असतं तर नुसती स्वतःची बाजू सावरणं झालं असतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. कार्ल फॉन म्युलर या जर्मन शाही नौदलाच्या अधिकाऱ्याला मी साधुपुरुष करून टाकलं. मद्रासमध्ये त्याच्या तोफांनी माणसं मेली, त्यांना मी एक ओळ दिली. त्याचा सभ्यपणा ब्रिटिश वर्तमानपत्रांनी रंगवलेला आहे आणि मुळात तो त्याला परवडत होता म्हणून त्याने दाखवला. तो कोणत्या साम्राज्याची चाकरी करत होता, ते मी नीट मांडलं नाही. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर फाजील आत्मविश्वासापायी त्याने जहाज घालवलं. आणि क्रांतिकारक चेंपकरामन पिल्लै एम्डेनवर होते, हे मी दडवलं.

मद्रासबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे मी वाद घालणार नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास एम्डेन किनाऱ्यापासून तीन किलोमीटरच्या आत येऊन उभी राहिली. युद्ध सुरू होऊन दीड महिना उलटला होता, तरी शहराचे दिवे नेहमीसारखे चालू होते. सर्चलाइटचा झोत बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर पडला आणि बघता बघता सव्वाशेच्या आसपास तोफगोळे सुटले. सुमारे साडेतीन लाख गॅलन तेल जळालं. माझ्या लेखात टाक्यांवर दोन परिच्छेद आहेत. बंदरात चुप्रा नावाचं व्यापारी जहाज उभं होतं, तेही गोळ्यांच्या माऱ्यात सापडलं आणि त्यावरचा एक शिकाऊ मुलगा जखमी होऊन मेला, हे मात्र मी लिहिलं नाही. त्या रात्री निदान पाच माणसं गेली. पुढचे काही दिवस हजारो लोक मिळेल त्या वाटेने शहर सोडून जात होते. म्युलरने आपल्या अहवालात हेतू स्पष्ट लिहून ठेवला आहे: हिंदी लोकांत खळबळ उडावी, इंग्रजांच्या व्यापाराला धक्का बसावा, त्यांची पत घसरावी. म्हणजे ही माणसं शक्तिप्रदर्शनात मेली. हे वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं, ते नव्हतं, आणि तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मला त्याचं जास्त वाईट वाटतं, कारण काही वर्षांपूर्वी चेन्नईत मी मुद्दाम हायकोर्टाच्या आवाराची भिंत शोधत गेलो होतो. तिथे एम्डेनच्या गोळ्याची आठवण सांगणारी लहानशी पाटी आहे. शेजारून माणसं, रिक्षा, फायली बगलेत धरलेले वकील जात होते. मी फोटो काढला, तारीख टिपून घेतली आणि परत आलो. त्या रात्री कोण मेलं असेल हा प्रश्न तिथे उभं असतानाही माझ्या मनात आला नाही. तमिळमध्ये जबरदस्त, वस्ताद माणसाला आजही ‘एम्डन’ म्हणतात. शहराने जहाजाचं नाव जपलं, आणि मीही तेवढंच घेऊन आलो.

साम्राज्याचा मुद्दाही मला मान्य आहे. तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा त्याला जास्त पुरावा आहे, म्हणून मीच भर घालतो. म्युलरचा जन्म १८७३ चा, हॅनोव्हरचा. वडील प्रशियन सैन्यात कर्नल. १८९१ मध्ये तो नौदलात शिरला. पुढे श्वाल्बे या गनबोटीवरून, म्हणजे तोफा बसवलेल्या लहान युद्धनौकेवरून, जर्मन पूर्व आफ्रिकेला गेला. अशा बोटी किनाऱ्यावर कशासाठी ठेवलेल्या असत, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथे त्याला मलेरिया जडला, तो जन्मभर सुटला नाही. मग युद्धनौकांवरची कामं, कैसरचा भाऊ प्रिन्स हाइन्रिष याच्या हाताखालची नेमणूक, आणि बर्लिनमध्ये नौदलमंत्री टिरपिट्झच्या कचेरीतली काही वर्षं. इंग्लंडच्या तोडीचं आरमार उभारण्याचा खटाटोप चालला होता तो याच कचेरीतून. १९१३ मध्ये त्याला एम्डेन मिळाली आणि त्याच वर्षी यांगत्से नदीत चिनी बंडखोरांच्या किल्ल्यांवर त्याने तोफा डागल्या. किल्ल्यांवरून आधी गोळीबार झाला होता हे खरं, पण परक्या देशाच्या नदीत जर्मन युद्धनौका काय करत होती हा प्रश्न उरतोच. त्या कामगिरीबद्दल त्याला पदक मिळालं. एम्डेनचा आधीचा इतिहास तर याहून काळा आहे. १९११ मध्ये प्रशांत महासागरातल्या, तेव्हा जर्मन अमलाखालच्या पोनपे बेटावरचं बंड मोडायला हीच नौका गेली होती. म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि चारशेहून जास्त माणसांना बेटावरून उचलून दूरच्या बेटांवर नेऊन टाकलं. कप्तान तेव्हा दुसरा होता. नौका हीच.

आता जिथे माझं तुमच्याशी पटत नाही तिथे येतो. ‘सभ्यपणा परवडत होता’ हे तुमचं वाक्य.

परवडत होता का, हे कळायला आधी कोळसा बघावा लागतो. १९१४ च्या ऑगस्टच्या मध्यावर प्रशांत महासागरातल्या पॅगन बेटावरच्या बैठकीनंतर पूर्वेकडच्या जर्मन ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल श्पे याने एम्डेनला हिंदी महासागरात एकटीला सोडलं. सोबत मार्कोमानिया हे कोळशाचं जहाज. पुढच्या तीन महिन्यांत तिला स्वतःचं म्हणता येईल असं एकही बंदर नव्हतं. कोळसा संपत आला की एखाद्या निवांत खाडीत, नाहीतर भर समुद्रात, दोन जहाजं एकमेकांना बांधायची. मध्ये गादीसारखं काहीतरी कोंबायचं, तरी लाटेबरोबर पत्र्यावर पत्रा आदळायचा. पोती भरायची, ओढायची, डेकवरून भोकात रिकामी करायची, आणि हे सगळं विषुववृत्ताजवळच्या उन्हात. खालच्या कोठ्या भरल्या की डेकवर ढीग. पकडलेल्या पाँटोपोरोस या ग्रीक जहाजावर साडेसहा हजार टन हिंदी कोळसा मिळाला, पण तो धूर फार करायचा. लपून राहणाऱ्या जहाजाला धूर म्हणजे स्वतःहून दवंडी पिटणं. सगळी भिस्त अशी एकेका टनावर.

अशा नौकेला शेकडो कैदी म्हणजे शेकडो तोंडं. प्रत्येक पकडलेल्या जहाजावरची माणसं होड्यांतून उतरवायची, त्यांचं सामान आणायचं, मगच ते जहाज बुडवायचं, यात तासन् तास जात. १० सप्टेंबरला इंडस हे जहाज मिळालं. ते कलकत्त्याहून आपल्या मुंबईकडे निघालं होतं, घोडे नि सैन्य न्यायला सजवलेलं. त्यावर साबणाचा मोठा साठा निघाला आणि एम्डेनवर नेमका साबणच संपत आला होता. त्यांनी साबण घेतला, माणसं उतरवली, मग इंडस बुडवलं. दोन दिवसांनी काबिंगा सापडलं. त्यावर कप्तानाची बायको आणि मूल होतं. म्युलरने हे जहाज बुडवलं नाही. बाकीच्या जहाजांची माणसं त्यावर चढवून दिली आणि ते सोडून दिलं. काबिंगावरचा माल अमेरिकनांचा होता, तो बुडवला असता तर भरपाई द्यावी लागली असती, हेही त्यामागे होतं. ते मी आता दडवत नाही. पण ते सोडलं की आपली खबर कलकत्त्याला पोचणार हे त्याला ठाऊक होतं. तरी सोडलं. समुद्रावर धरलेल्या त्या सगळ्या व्यापारी जहाजांच्या खलाशांपैकी एकाचाही जीव त्याच्या हातून गेला नाही. सोळा ब्रिटिश जहाजं, सत्तर हजार टनांच्या आसपास, त्याने तळाला घातली, हे ध्यानात घेऊन हा हिशोब वाचावा.

तुम्ही म्हणाल, कायदाच तसा होता. होता. जहाज थांबवा, कागद तपासा, माणसं सुखरूप काढा, मग बुडवा. पण तोच कायदा पुढच्या तीन वर्षांत त्याच नौदलाने आपल्या पाणबुड्यांसाठी बाजूला ठेवला. म्हणून तो पाळणारा कप्तान मला महत्त्वाचा वाटतो.

मलायातल्या पेनांग या ब्रिटिश बंदरातली सकाळ बघा. २८ ऑक्टोबर. एम्डेनला तीन धुराडी, चौथं खोटं उभारलेलं, म्हणजे लांबून ती ब्रिटिश क्रूझर वाटावी. बंदरात शिरताना जर्मन झेंडा चढवला आणि झेमचुग या रशियन क्रूझरवर टॉर्पेडो सोडला. तिचा कप्तान किनाऱ्यावर होता. नव्वदच्या आसपास रशियन खलाशी मेले. हे युद्ध होतं, यात साधुत्व शोधायला मी जात नाही. बाहेर पडताना फ्रेंच विनाशिका मूस्के आडवी आली, तीही बुडवली. आणि मग म्युलर थांबला. पाठलागाची धास्ती असताना होड्या सोडल्या आणि छत्तीस फ्रेंच खलाशी पाण्यातून काढले. जे दगावले त्यांना इतमामाने समुद्रात पोचवलं. उरलेल्यांना दोन दिवसांनी एक ब्रिटिश जहाज अडवून, ते न बुडवता, त्यावरून सुमात्राजवळच्या सबांग बंदराला पाठवून दिलं. पेनांगच्या तोंडाशीच त्याने ग्लेनटरेट या जहाजाच्या कप्तानाकडे निरोप दिला होता: चुकून एका निःशस्त्र होडीवर गोळी चालवली, त्याबद्दल क्षमा असावी. झेमचुगची माणसं वाचवायला थांबता आलं नाही, त्याबद्दलही. हा निरोप त्याला काहीही मिळवून देणारा नव्हता.

कोकोसबद्दल मात्र तुम्ही अर्धं बरोबर आहात. ९ नोव्हेंबरला सकाळी कोकोसपैकी डिरेक्शन बेटावरचं तारघर मोडायला त्याने पन्नास माणसं उतरवली. तारघरवाल्यांनी विनंती केली, डोलकाठी पाडताय तर आमच्या टेनिस कोर्टावर पाडू नका. जर्मनांनी तीही मानली. पण तोवर ‘परकं जहाज आलंय’ ही खबर बिनतारी यंत्रावरून गेलेली होती. एम्डेनच्या यंत्रावर उत्तर ऐकू आलं, पण त्यावरून जवळची शत्रूनौका दोनशेहून जास्त मैलांवर असावी असा अंदाज बांधला गेला. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा ताफा पन्नास-पंचावन्न मैलांवरून चालला होता, आणि त्यातून सिडनी ही क्रूझर निघाली.

याला आत्मविश्वास म्हणायचा का? माझं उत्तर पुन्हा कोळसा. म्युलरने त्या सकाळी ब्युरेस्क या आपल्या कोळशाच्या जहाजाला कोकोसला बोलावून घेतलं होतं. तारघर मोडत असतानाच तिथे कोठ्या भरून घ्यायचा बेत होता. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आलं ब्युरेस्क. कळलं तोवर किनाऱ्यावरच्या माणसांना परत घ्यायला वेळ उरला नव्हता. भोंगा वाजवून त्यांना तिथेच टाकून तो लढायला निघाला. सिडनीच्या सहा इंची तोफांपुढे एम्डेनच्या साडेदहा सेंटीमीटरच्या तोफा. सुरुवातीचे गोळे एम्डेनचे अचूक बसले, मग फरक दिसू लागला. दोन तासांच्या आत नौका जवळच्या नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवावी लागली. १३० च्या वर माणसं मेली.

इथे मी म्युलरला दोष देतो, आणि मूळ लेखात द्यायला हवा होता. सिडनी ब्युरेस्कच्या मागे जाऊन दुपारी परत आली, तेव्हाही एम्डेनच्या डोलकाठीवर झेंडा तसाच होता. इशाऱ्यांना उत्तर मिळालं नाही. सिडनीच्या कप्तान ग्लॉसपने पुन्हा तोफा चालवल्या आणि जखमींनी भरलेल्या त्या सांगाड्यावर आणखी माणसं मेली. मग झेंडा उतरला. तो तासभर आधी उतरवता आला असता.

त्यानंतरचं आयुष्य मी लेखात दोन ओळींत उरकलं होतं. खरं तर तुमच्या ‘साधुपुरुष’ या आरोपाचं उत्तर तिथेच आहे. आधी माल्टात कैद, मग इंग्लंडमध्ये सटन बॉनिंग्टनच्या छावणीत. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बावीस अधिकारी भुयारातून निसटले, त्यांचा म्होरक्या हाच. पकडला गेला. मलेरियामुळे १९१८ मध्ये हॉलंडला पाठवलं, युद्ध संपता संपता घरी. ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च किताब मिळाला. १९१९ मध्ये प्रकृतीपायी निवृत्ती, मग ब्राउनश्वाइगच्या प्रांतिक सभेत निवडून आला, तोही जर्मन नॅशनल पीपल्स पार्टीकडून, म्हणजे उजव्या, राजनिष्ठ पक्षाकडून. तो बदलला नव्हता. एम्डेनच्या गोष्टीला त्या वेळी जर्मनीत प्रचंड मागणी होती. बेटावर राहिलेल्या तुकडीचा अधिकारी म्यूके अरबस्तानातून वाट काढत परत आला आणि त्याने पुस्तकं लिहिली. म्युलरने लिहिलं नाही. आपल्या सोबत्यांच्या रक्तावर पैसा केल्यासारखं वाटेल, असं त्याचं कारण होतं. ११ मार्च १९२३ ला ब्लांकेनबुर्गमध्ये तो गेला, पन्नाशीही न गाठता. वाईट साम्राज्याची चाकरी केलेला, त्या चाकरीवर कधी शंका न घेतलेला, आणि तरी हातात आलेल्या माणसांचे जीव मोजून जपणारा असा हा अधिकारी आहे. माझी ओढ यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे होती. पहिल्या दोन मी नीट मांडल्या नाहीत.

चेंपकरामन पिल्लैंबद्दल: दंतकथा दक्षिणेत फार पसरलेली आहे, म्हणून तुमच्यापर्यंत पोचली यात नवल नाही. पण एम्डेनने चीनमधलं त्सिंगताओ ३१ जुलै १९१४ ला सोडलं. पिल्लै सप्टेंबरमध्ये झुरिचला होते, तिथे हिंदुस्थानासाठी समिती काढत होते, आणि तिथून बर्लिनला गेले. मद्रासवर गोळे पडले तेव्हा ते युरोपात होते. त्यांचं खरं काम मोठं आहे, त्यावर स्वतंत्र लिहायची माझी इच्छा आहे.

मूळ लेखात आज चार बदल केले आहेत. मद्रासच्या परिच्छेदात टाक्यांच्या आधी माणसं आली आहेत. काबिंगाच्या मालाची गोष्ट घातली आहे. नॉर्थ कीलिंगच्या झेंड्याबद्दल जसं वर लिहिलं तसंच तिथे लिहिलं आहे. पोनपे आणि यांगत्से आता तळटीपेत नाहीत, वर सुरुवातीलाच आहेत. चुप्रावरच्या मुलाची ओळ तुमच्यामुळे आली, तिथे तसं नोंदवलं आहे. पुन्हा वाचलात आणि अजून काही खटकलं तर जरूर कळवा.