मालदांडी निसर्गाने दिली, हे खरे नव्हे

हुरड्याचे दिवस आले की एक मजकूर हटकून फिरू लागतो. मालदांडीसारखी देशी ज्वारी हे निसर्गाने याच मातीला दिलेले, माणसाचा हात न लागलेले बियाणे आहे; ढवळाढवळ सुरू झाली ती संकरित वाणांपासून; आणि आपले शरीर मुळात याच धान्यासाठी घडले आहे, असे त्यात म्हटलेले असते.

यातील मातीचा मुद्दा चटकन निकालात निघतो. ज्वारी मूळची आफ्रिकेची असून ती भारतात साधारण चार हजार वर्षांपूर्वी आली.

‘हात न लागलेले बियाणे’ हा दावा मात्र सविस्तर तपासायला हवा. रानटी ज्वारीचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात, कारण तिला स्वतःची पेरणी स्वतःच करायची असते. कापणीच्या वेळी माणसाच्या हाती लागत ते न गळता कणसावर टिकलेले दाणे, आणि पुढच्या वर्षी पेरले जात तेही तेच. असे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेल्याने न गळणारी ज्वारी तयार झाली. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत याचा पुरावा मिळाला आहे. तिथले कुंभार मळणीचा भुसा चिखलात मिसळत, त्यामुळे भाजलेल्या मातीत तुसांचे ठसे राहिले. काही तुसांचा देठाकडचा भाग गुळगुळीत आहे, म्हणजे तो दाणा आपसूक सुटलेला. काहींचा फाटलेला आहे, म्हणजे तो झोडपून काढावा लागलेला. बदल घडत असतानाचा तो क्षणच त्या खापरांत सापडतो.

पुढे आपल्याकडेही शेतकरी मळणीआधी टपोरी कणसे बाजूला काढून बियाण्यासाठी राखून ठेवत आले. ही निवड केवळ भाकरीसाठी नव्हती. दावणीच्या बैलांना कडबा पुरला पाहिजे म्हणून उंच ताटांनाही पसंती मिळाली. गुळभेंडीसारखी वाणे तर हुरड्याच्या आवडीपायीच टिकली. ज्या मालदांडीचे हे मजकूर गोडवे गातात, तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप ‘एम ३५-१’ हे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेले आहे. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे भारतातले पहिले संकरित वाण आले तेव्हा निवडीची पद्धत बदलली, निवड काही तेव्हा सुरू झाली नाही.

शरीराच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, पण ते उलट्या दिशेने. पिष्टमय आहार अधिक असलेल्या समाजांत, लाळेतील पिष्ट पचवणारे विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त आढळतात, असे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. अर्थात या प्रती वाढू लागल्या त्या शेतीच्याही फार आधी, त्यामुळे सगळे श्रेय धान्याला देता येणार नाही, आणि एकट्या ज्वारीला तर नाहीच. ज्वारीने आपल्याला बदलले ते अधिक ठळकपणे कामाच्या वेळापत्रकात: काळ्या रानातली ओल धरून हस्ताच्या आसपास पेरणी, थंडीत हुरडा, उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी आणि त्यानंतर कडब्याच्या गंजी.

जुनी वाणे जपली पाहिजेत, हा त्या मजकुरातील आग्रह मला मान्य आहे. कारण मात्र त्यात दिले आहे त्याच्या नेमके उलट आहे. मालदांडीचे पिकलेले कणीस रानात तसेच सोडले, तर दाणे कणसातच अडकून राहतात, पाखरे त्यांचा फडशा पाडतात आणि उरलेल्यांतले थोडेफार उगवले तरी ते पीक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. त्यासाठी दर हंगामाला कुणीतरी बियाणे राखून ठेवून पेरणीची पाभर धरावी लागते.