पडल्या पडल्या खुनाचा छडा

खून झाल्याची बातमी सकाळी कळली की आधी चहा ठेवा. पोलिसांचा पंचनामा व्हायचाय, मृतदेह शवचिकित्सेला बांबोळीला जायचाय. तुम्हाला तेवढा वेळ रग्गड झाला. आधण येईपर्यंत खुनी ठरवा, खुनाचं कारण चहा गाळताना सुचेलच. गोव्यात कारणं तीनच: जमीन, बाई आणि ड्रग्ज. मेलेला माणूस साठीचा, देवभोळा आणि भाड्याच्या खोलीत राहणारा असला तरी यातलं एखादं त्याला बसवता येतं.

पुराव्याची अगदीच हौस असेल तर सीसीटीव्ही फुटेज मिळवा. ते थांबवा, दोन बोटांनी मोठं करा. मोठं केलं की चेहऱ्याचे चौकोन-चौकोन होतात. आता त्यात तुम्हाला हवा तो माणूस दिसेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावर असंच एक फिरत आलं. पहाटेचे साडेपाच, रस्त्यावर पाणी, सायकलीवर एक जण. अंगात रेनकोट, मागे निळ्या प्लास्टिकखाली काहीतरी भलं मोठं. कोणीतरी त्याच्याभोवती लाल गोल काढला. मग एका हुशार माणसाने विचारलं, 'रेनकोटची टोपी एवढी खाली कशाला ओढलीय?' हा जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पण प्रश्न बिनतोड. दुसरा म्हणाला, 'प्लास्टिकखाली काय आहे ते विचारा त्याला.'

प्लास्टिकखाली पाव होते. तो आमचा पोदेर, दारोदार पाव विकणारा. फुटेजला आवाज नव्हता, नाहीतर त्याचा भोंपूही ऐकू आला असता. तो ऐकूनच आपण रोज पिशवी घेऊन दाराशी धावतो. लाल गोलवालं ते चित्र मीही चार ठिकाणी पुढे पाठवलं, त्याच सकाळी त्याच्याकडून घेतलेला उंडा पाव चहात बुडवत.

विज्ञानाला घाबरू नका. प्रेत ताठलं होतं एवढं कळलं तरी मृत्यूची वेळ मिनिटासकट सांगा. उष्म्यात ताठरपणा लवकर येतो, गारव्यात उशिरा, म्हणून डॉक्टर अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान असं पुटपुटतात. त्यांना आत्मविश्वास कमी. मोबाईल टॉवरवरून फोन कुठल्या परिसरात होता एवढंच समजतं, एका टॉवरखाली आख्खा गाव येतो. तुम्ही मात्र संशयिताला थेट मृताच्या न्हाणीघरापर्यंत नेऊन सोडा. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला की रासायनिक तपासणी व्हायची आहे. पण 'दडपादडपी चाललीय' हे वाचायला बरं वाटतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तुमच्याकडे चालते, आणि ती कोणी दिलेली असावी लागते असंही नाही.

पोलिसांवर विश्वास का ठेवावा, असं कोणी विचारलं तर 2008 चं हणजूण (अंजुना) प्रकरण काढा. किनाऱ्यावर सापडलेली मुलगी बुडून मेली असं आधी सांगितलं गेलं. आई हट्टाला पेटली, दुसरी शवचिकित्सा झाली आणि अंगावर पन्नासावर जखमा निघाल्या. हा दाखला खणखणीत आहे, तिथे मीही गप्प बसतो. फक्त पुढचं सांगू नका: 2016 मध्ये बाल न्यायालयाने दोघा आरोपींना निर्दोष सोडलं, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. 11 वर्षं! तुमचा निकाल दुपारच्या शीतकडीआधी लागतो.

खरा आरोपी दुसराच निघाला तर जुनं सगळं पुसा आणि 'मी आधीच म्हटलं होतं' एवढं लिहा. कोण तपासायला येतंय?

तो पोदेर हल्ली आमच्या वाड्यावर येत नाही, खालच्या रस्त्याने परस्पर जातो. परवा कोणीतरी म्हणालंच, मनात काही नसतं तर आला असता.