‘क्रूझरला सव्वा इंचीच हँडल हवं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० या क्रूझर मोटरसायकलसाठी हँडलची जाडी कशी निवडावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘२२ मिमी ही सायकलची जाडी. क्रूझरला सव्वा इंचीच हवं. लेखकाने आयुष्यात हार्ले हाताळलेली दिसत नाही.’ पुढे किंमत आणि व्हायब्रेशनबद्दल चार ओळी आहेत.

सायकलच्या मुठीखाली जवळपास एवढीच जाडी असते, हे खरं आहे. मान्य.

पण ‘हाताळलेली दिसत नाही’ हे कशावरून? आपली ओळख नाही, कधी भेट नाही. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, माणसाची लायकी कशाला काढता? मी नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात काउंटरवर उभं राहून हे शिकलो. तिथे हँडल सुतात मागायचे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग: सात सूत म्हणजे २२ मिमी, आठ सूत म्हणजे १ इंच. हार्लेची हँडलं मी स्वतः उतरवली आहेत, चढवली आहेत, आतून वायरी ओढताना बोटं सोलून घेतली आहेत.

म्हणूनच सांगतो, हार्लेवर बसणारं सव्वा इंची हँडल सगळीकडे सव्वा इंची नसतं. रायझरच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या आधाराच्या, क्लॅम्पमध्ये ते बहुतेक वेळा १ इंचावर येतं. मुठीखाली तर १ इंचच, कारण हार्लेचे स्विच आणि लिव्हर त्याच मापाचे असतात. जाडी असते ती मधल्या उघड्या भागात. फोटोत हे कळत नाही, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की कळतं.

एनफिल्डचे स्विच, लिव्हर, ॲक्सिलरेटरची नळी हे सगळं सात सुताचं. त्यावर हार्लेचं हँडल आणलंत तर यातलं काहीच बसणार नाही. जाडच हवं असेल तर मध्ये २८.६ मिमी आणि मुठीखाली २२ मिमी असलेलं हँडल घ्या. त्याला क्लॅम्प वेगळे लागतात, आणि हे लेखात लिहिलेलं आहे. आधी लेख पूर्ण वाचायला हवा होता.

जाड नळी जास्त ताठ, यावर वादच नाही. नळीच्या पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून १ इंचाची नळी सव्वा इंचाची केली तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. एप हँगर म्हणजे खांद्याएवढ्या उंच हँडलला तो लागतो. बुटक्या हँडलला २२ मिमी पुरेसं आहे, आणि सैल क्लॅम्पचं दुखणं जाड नळीने बरं होत नाही. एक मुलगा एनफिल्डची थंडरबर्ड घेऊन आला होता. कुठल्याशा गॅरेजने १ इंची रायझरमध्ये सात सुताचं हँडल पत्र्याची पट्टी गुंडाळून आवळलं होतं. जोरात ब्रेक मारला की हँडल पुढे लवायचं. क्लॅम्प उघडला तर पट्टीची कड चेपलेली, आणि हँडलवरची खरखरीत नक्षी घासून गुळगुळीत, चकचकीत झालेली. घाटात उतारावर ते फिरलं असतं तर? असली जोडाजोड कुणी करू नये म्हणून मी मापाचा एवढा आग्रह धरतो, आणि त्यावर तुम्ही मला ‘सायकलवाला’ ठरवता. याचं वाईट वाटलं.

किंमत आणि व्हायब्रेशनवर इथे वाद घालत बसत नाही. हाताला मुंग्या येत असतील तर आधी बार एंडची, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायची, वजनं लावून बघा.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी तुमच्या हँडलचे दोन व्यास मोजा, एक क्लॅम्पमधला आणि एक मुठीखालचा. दोन्ही आकडे लिहा, मग बोलू.