‘वाळू यंत्रात घाला, नवी प्रजाती काढा’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. किनाऱ्यावरची मूठभर वाळू डीएनएच्या यंत्रात घातली की दोन दिवसांत नवी प्रजाती ‘तयार’ होते. शास्त्रज्ञ तिला मर्जीप्रमाणे नाव देतात. असा जीव खरोखर असता तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्यांना तो आधीच ठाऊक असता. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा कोणाला काही उपयोग नाही, असा त्याचा आशय आहे. ही चारही विधाने टिकत नाहीत, परंतु सविस्तर तपासण्यासारखे आहे ते पहिले, कारण त्यात अर्धवट माहितीचा आधार आहे.

ज्या प्राण्यांविषयी हे बोलले जाते ते वाळूच्या कणांमधल्या पाण्यात राहतात: सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, हार्पॅक्टिकॉइड गटातले कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवले कवचधारी प्राणी, गॅस्ट्रोट्रिक हे सूक्ष्म, मऊ शरीराचे प्राणी, आणि टार्डिग्रेड म्हणजे आठ पायांची पाणअस्वले. एक मिलिमीटरच्या चाळणीतून ते सहज खाली जातात आणि सुमारे 0.063 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांच्या चाळणीवर अडतात. त्यांतले कित्येक चिकट ग्रंथींनी कणांना घट्ट धरून बसतात, म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणाने आधी त्यांना गुंगी आणावी लागते, मग वाळू ढवळून वरचे पाणी चाळणीवर ओतले जाते. दाभोळ किंवा विजयदुर्गसारख्या खाडीतल्या चिखलाला एवढे पुरत नाही. तेथे गाळ आणि प्राणी वेगळे करण्यासाठी ठराविक घनतेच्या द्रवात नमुना फिरवावा लागतो. केवळ धुण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो याचे ठळक उदाहरण फ्रान्समधल्या रॉस्कॉफचे आहे. तेथे डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ राइनहार्ट क्रिस्टेन्सेन यांनी नमुना गोड्या पाण्याने धुतला, त्या धक्क्याने चिकटलेले प्राणी सुटले, आणि 1983 मध्ये लॉरिसिफेरा हा प्राण्यांचा एक संपूर्ण नवा संघ, म्हणजे वर्गीकरणातला सर्वांत मोठ्या गटांपैकी एक, त्यांनी जगापुढे मांडला.

खरे काम यानंतर सुरू होते. फॉर्मॅलिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो; अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो पण मऊ शरीर आक्रसते; गॅस्ट्रोट्रिकसारखा प्राणी तर जिवंत असतानाच पाहून त्याचे चित्र काढणे श्रेयस्कर असते. त्यामुळे कोणता नमुना कशासाठी ठेवायचा हे आधीच ठरवावे लागते. कोपेपॉडचे पाय सुईने एकेक सुटे करून पाचव्या जोडीवरचे काटे मोजले जातात, सूत्रकृमीत नराची प्रजननकंटके मोजली जातात, बॅटिलिपस या पाणअस्वलात पायाच्या बोटांची रचना पाहिली जाते. यात फसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. कोपेपॉड सहा नॉप्लियस म्हणजे अगदी सुरुवातीच्या डिंभ अवस्थांतून आणि पुढे पाच किशोर अवस्थांतून वाढतो, शिवाय नर आणि मादी वेगळे दिसतात. तेव्हा पिल्लाला निराळी प्रजाती समजणे अवघड नाही. आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या प्रजातीशी तुलना करायची तर जुने जर्मन किंवा फ्रेंच लेख, त्यांतली अपुरी चित्रे आणि दूरच्या संग्रहालयांतले मूळ नमुने तपासावे लागतात.

मग डीएनएचे काय? डीएनएतल्या घटकांचा क्रम मिळतो, तो उपलब्ध नोंदींशी ताडता येतो; परंतु ‘जुळणारी नोंद नाही’ याचा अर्थ एवढाच की त्या प्रजातीचा क्रम अजून कोणी नोंदवलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी वर्णन झालेली प्रजातीही अशा वेळी ‘अनोळखी’ ठरू शकते. उलट, जगभर पसरलेली एकच प्रजाती मानलेल्या जीवात प्रत्यक्षात अनेक प्रजाती दडलेल्या आहेत, हे बऱ्याचदा डीएनएमुळेच उघड झाले. म्हणजे यंत्र पुरावा देते, निकाल देत नाही. नमुना गोळा होण्यापासून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात, असा निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सर्व प्रकारच्या सजीवांच्या एका पाहणीत निघाला होता. दोन दिवसांची गोष्ट कोठून आली, हे संदेश लिहिणारालाच माहीत.

नावाची मर्जी तितकीशी मोकळी नसते. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता 1758 पासूनची नावे ग्राह्य धरते, आणि त्याच प्राण्याला आधी दिलेले वैध नाव सापडले तर नवे नाव सामान्यतः बाद होते. सन 2000 पासून नव्या प्रजातीसाठी आधारभूत नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे जोडलेले राहते तो नमुना, स्पष्टपणे नेमून देणे बंधनकारक आहे. स्वतःचे नाव देणे संहितेने निषिद्ध ठरवलेले नाही, पण अभ्यासकांत ते अशिष्ट मानले जाते. दुसऱ्याच्या सन्मानार्थ मात्र नाव देतात. तमिळनाडूतल्या मंडपम येथील पाणअस्वलाला डॉ. कलाम यांच्यावरून बॅटिलिपस कलामी असे नाव मिळाले. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याने नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करणेही आवश्यक केले आहे.

मच्छीमारांविषयीचा मुद्दा त्यांच्या ज्ञानाचा मान राखणारा वाटतो, म्हणून तो जास्त पसरतो. उधाणाला पाणी कोठवर चढते, पावसाळ्यात पुळण कोठे कापली जाते, चिखल कोठे काळा आणि कुजका आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि नमुने कोठून घ्यावेत हे ठरवताना त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र 0.15 मिलिमीटरचा प्राणी कोणाच्याही नजरेला ओळखता येत नाही, प्राध्यापकाच्याही नाही.

उपयोगाबद्दल थोडक्यात. बोयसारख्या माशांची पिल्ले तळावरचे हेच बारीक प्राणी खातात. खाडीत सांडपाणी वाढले की संवेदनशील कोपेपॉड घटतात आणि चिवट सूत्रकृमी टिकतात, म्हणून या दोहोंचे प्रमाण प्रदूषणाची खूण म्हणून सुचवले गेले. त्यावर आक्षेपही आले, कारण सगळ्याच प्रजाती सारख्या वागत नाहीत. कोणती प्रजाती कशी वागते हे कळण्याआधी ती कोणती, हे ठरलेले असावे लागते.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. ‘कोकणात प्रथमच नोंद’ आणि ‘विज्ञानाला नवी प्रजाती’ यांतला फरक बातम्यांत अनेकदा पुसला जातो, आणि त्यातून संशय वाढतो. पुढची अशी बातमी वाचताना वर्णन कोणत्या शोधपत्रिकेत आले, आधारभूत नमुना कोणत्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने ठेवला आणि तो मूळ कोणत्या किनाऱ्यावरून घेतला, या तीन गोष्टी विचाराव्यात. खऱ्या वर्णनात त्या छापलेल्या असतात.